तपासणीला ठेवलेला आवाज

१

आमच्या घरात परदेशी जायची तयारी कपड्यांपासून सुरू होत नाही, वायरींपासून होते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरायची आणि तिच्यावर एकेक वस्तू मांडायची. दोन फोन, त्यांचे चार्जर, विटेएवढी जड पॉवर बँक, तिकडच्या भिंतीतल्या भोकांत बसणारे प्लग, माझा टॅब, कॅमेरा, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, आणि या सगळ्या गोतावळ्यात मानाच्या जागी जीपीएस.

हा सगळा संसार माझ्या नवऱ्याचा. आयुष्यभर त्यांनी जमिनीची मोजणी केली, म्हणून लग्नापासून मी त्यांना मोजणीदार म्हणते. फोनमध्ये नकाशा असताना हे वेगळं डबडं कशाला, असं विचारायची सोय नाही.

"फोन टॉवरच्या जिवावर उड्या मारतो," ते म्हणाले. "हा थेट उपग्रहाचं ऐकतो. डोंगरात फोनने मान टाकली की येईल तुला याची आठवण."

"उपग्रहाचं ऐकू दे, पण माझे चार कपडे बसू देत त्या बॅगेत."

या खेपेच्या डबड्यात एक नवी सोय होती. रस्ता सांगणारा आवाज आपला आपण भरता यायचा. आमची मुलगी लगेच पुढे सरसावली. घरात तिला टिटवी म्हणतात, कारण तान्ही असताना तिने एकदा सूर लावला की शेजारची चार दारं उघडायची. गॅलरीत, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी स्टूल टाकून ती बसली आणि सगळी वाक्यं भरून मोकळी झाली. "डावीकडे वळा." "बाबा, चुकलात. मागे फिरा." "प-पोचलात. आता भांडू नका."

त्या 'प'बद्दल सांगायला हवं. मी वाचा-उपचार करते. बोलताना अडखळणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि त्यातली एक माझ्याच घरात वाढली. लहानपणी टिटवी 'प'ला अशी अडायची की पाणी मागता मागता रडू फुटायचं. मी तिला टेबलावर बोटाने ठेका धरायला शिकवला. ठेक्यावर शब्द सोडायचा, घाई करायची नाही. आता ती मोठी झाली, नोकरी करते, कुणालाही बोलण्यात ऐकत नाही. अडखळणं गेलं. राहिला तो 'प'च्या आधीचा बारीकसा अडसर, दार उघडताना कडी किंचित अडावी तसा. बाहेरच्यांना तो कळत नाही. मला कळतो, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

२

परदेशातल्या विमानतळावर आमच्या बॅगा उघडल्या. करडा कोट घातलेली एक बाई होती. अतिशय नम्र. एवढी नम्र माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. तिने दोन्ही फोन बाजूला सारले, कॅमेऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि जीपीएस उचलला. आमचं आणि तिचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाललं होतं, पण अर्थ चुकण्यासारखा नव्हता.

"हे तपासणीला ठेवावं लागेल."

"का बरं?"

"यात आवाज आहे."

"आवाज फोनमध्येही आहे!" मी म्हणाले. "कॅमेऱ्यातही आहे. सगळ्यातच आवाज असतो."

"हा तिसऱ्या व्यक्तीचा आहे. ती व्यक्ती आपल्यासोबत नाही."

"अहो, ती आमची मुलगी आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाली, आणि यंत्र घेऊन मागच्या दाराने आत गेली.

आम्ही बाकावर बसलो. माझा संताप कानशिलात ठणकत होता. चोराची वस्तू असल्यासारखी आमची वस्तू उचलून नेली, वर कारण असं की ज्याला शेंडा ना बुडखा. मोजणीदार म्हणाले, "अगं, जाऊ दे. प्रत्येक देशाचे नियम असतात." हे वाक्य ते कुठेही उभे राहून म्हणू शकतात.

त्या दाराला स्प्रिंग होती. कुणी आत-बाहेर केलं की ती चिरकायची, दोनदा, दुसऱ्यांदा जास्त लांब. दार उघडं असताना आतल्या ट्यूबलाइटचा गुंईऽ असा आवाज यायचा. माणसांचा मात्र नाही. कामाच्या जागी कुणी खोकत नाही, कुणी खुर्ची सरकवत नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. पण चमत्कारिक वाटायला मन मोकळं असावं लागतं, माझं रागाने भरलेलं होतं.

बऱ्याच वेळाने बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून यंत्र परत दिलं. "सहकार्याबद्दल आभार," ती म्हणाली.

"सहकार्य आम्ही केलेलंच नाही," मी म्हणाले. तिने त्यावरही मान लववली.

भाड्याची गाडी घेऊन आम्ही निघालो. मोजणीदारांनी जीपीएस काचेला चिकटवला आणि टिटवी बोलू लागली. "प-पुढे सरळ जा. उजवीकडे वळा." तिच्या मागे आमच्या गॅलरीतलं यंत्र घरघरत होतं. मला जरा बरं वाटलं. पहिला मोठा चौक आला, गाडी वळली, आणि यंत्रातून टिटवी म्हणाली:

"आई, आवाज वाढव."

३

"खोडकर आहे कार्टी," मोजणीदार हसत म्हणाले. "मुद्दाम भरून ठेवलं असणार."

मलाही तसंच वाटलं. समुद्राकाठच्या गावात मुक्कामाची खोली मिळाली, बॅगा टाकल्या आणि मी घरी फोन लावला.

"मी कशाला असलं काही भरीन?" टिटवी म्हणाली. "पोचलात ना पण? पाऊस आहे का तिकडे? पैठणीसारखा दिसतो म्हणे तिकडचा समुद्र. फोटो पाठव पटापट."

पाच-दहा मिनिटं बोललो. फोन ठेवला आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. जेवणात मीठ घालायचं राहिलं की पहिल्या घासाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, तसं.

मोजणीदार आंघोळीला गेले होते. मी यंत्र गाडीतून काढून आणलं, कानात इअरफोनची बोंडं घातली. पडद्याच्या कोपऱ्यावर बोट दाबलं की शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू यायचं. मी दाबलं.

"आई, आवाज वाढव."

माझा धंदाच कानाचा. माणूस काय बोलतो ते सगळेच ऐकतात, मी तो कुठे बसून बोलतो तेही ऐकते. या वाक्यामागे आमची गॅलरी नव्हती. कपडे धुवायचं यंत्र नव्हतं, रस्ता नव्हता, समोरच्यांचा कुत्रा नव्हता. उघड्याबोडक्या भिंतींची खोली होती. शब्द भिंतीला आपटून लगेच माघारी येत होते. मागे सलग, बारीक, गुंईऽ असा आवाज. मी पुन्हा दाबलं. वाक्य संपल्यावर, अगदी कडेला, दोन चिरके आवाज होते. दुसरा जास्त लांब.

मी बोंडं काढून ठेवली. मी घाबरले होते, आणि ते मला मान्य नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की हा राग आहे. त्या लोकांनी आमच्या मुलीच्या आवाजाची नक्कल केली, आमच्याच यंत्रात घातली. हल्ली कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते, वर्तमानपत्रात रोज वाचतो आपण. कशासाठी केली ते विचारायचा मला हक्क होता.

"ऐका," मी मोजणीदारांना म्हणाले. ते टॉवेलने डोकं पुसत होते. "हे त्या खोलीत भरलंय. त्या स्प्रिंगच्या दारामागे."

त्यांनी एका कानात बोंड घालून ऐकलं. "मला तर टिटवीच वाटते."

"आवाज तिचाच आहे हो. जागा तिची नाही."

"अगं, आवाज तिचा म्हणजे तिनेच भरला. जागा कशी कळेल तुला?"

तीस वर्षं मी लोकांच्या मुलांचे आवाज ऐकून पोट भरतेय, आणि घरात हा प्रश्न.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो. एका बाजूला कडा, एका बाजूला पाणी, लख्ख ऊन. मी मुद्दाम यंत्र चालू ठेवलं. बराच वेळ ते आपलं नेमून दिलेलं काम करत राहिलं. मग एका वळणावर, वळणाची सूचना द्यायच्या जागी, ते म्हणालं:

"आई, इथे खिडकी नाही."

मोजणीदारांनी गाडीचा वेग कमी केला.

"हे मला सगळ्या रस्त्यांची नावं वाचायला लावतात," टिटवी म्हणाली. आवाज कंटाळलेला होता, घाबरलेला नव्हता, आणि तीच वाईट खूण होती. टिटवी फार घाबरली की असंच सपाट बोलते. "प-प-पाणी देतात. पण आधी म्हणून दाखवावं लागतं."

त्या 'प'पाशी लाकडावर बोटाचा ठेका ऐकू आला. टक, टक, टक.

मोजणीदारांनी गाडी कडेला घेतली आणि यंत्राची वायर उपटली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळाने रंग परत आला आणि त्याबरोबर शहाणपणही.

"कुणीतरी घाणेरडी थट्टा करतंय," ते म्हणाले. "आपण फोन करू. चेहरा दिसेल असा. आत्ताच."

एका चहाच्या टपरीसमोर फोनला चांगली रेंज मिळाली. पडद्यावर टिटवी आली. आमच्याच दिवाणखान्यात, आमच्याच सोफ्यावर, पाय पोटाशी घेऊन. मोजणीदारांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की काच धुरकटली.

"बघ!" ते मला म्हणाले. "ही काय घरी बसलीये."

"काय झालं बाबा? पंक्चर वगैरे झालं की काय?" टिटवी हसली.

आणि मला मीठ सापडलं. काय राहून गेलं होतं ते कळलं. पोचलात, पाऊस, पैठणी, पटापट. काल फोनवर ती सगळे 'प' एखाद्या बातम्या वाचणाऱ्या बाईसारखे बोलून गेली होती. आजही तेच.

"बाळ," मी म्हणाले, "आपलं सरावाचं वाक्य म्हण ना. माझ्यासाठी."

"कुठलं गं?"

"पाच पोपट."

ती क्षणभर थांबली. कुणाकडे तरी पाहिल्यासारखी नजर बाजूला गेली. मग म्हणाली, "पाच पोपट पेरूपाशी पंख पसरून पहुडले." एका दमात, घरंगळत्या मण्यांसारखं. बोटं मांडीवर निवांत पडलेली.

मोजणीदारांनी टाळ्या वाजवल्या. "वा! अगं, पार गेलं की अडखळणं! तुझ्या मेहनतीचं चीज झालं."

पंचवीस वर्षं त्या वाक्याची मी वाट पाहिली होती. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि टपरीच्या बाकावर जाऊन बसले. पलीकडे ते दोघं आनंदाने गप्पा मारत होते.

५

मी सहल तिथेच मोडली. मोजणीदारांना म्हणाले, "तुम्हाला यायचं तर या, नाहीतर मी बसने जाते." आले ते, पुटपुटत.

विमानतळावर तक्रारीची खिडकी शोधण्यात सकाळ गेली. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाची सुट्टी लावली, तिसरीत कुणी नव्हतंच, नुसता पंखा फिरत होता. मी ओरडले. भर दिवसा, शेकडो माणसांदेखत, माझ्या पांढऱ्या केसांची लाज न बाळगता ओरडले. मग ती करड्या कोटातली बाई आली आणि आम्हाला पुन्हा त्याच बाकावर बसवलं.

"आपला त्रास आम्ही समजतो," ती म्हणाली.

"समजत असाल तर सांगा. या यंत्रात माझ्या मुलीचा आवाज कुणी घातला?"

"आवाज आपणच आणलात."

"जो आणला तो वेगळा. मी त्यानंतरच्या वाक्यांबद्दल विचारतेय."

"आवाजाच्या मालकाला तपासणीसाठी बोलवावं लागतं. नियमाप्रमाणे बोलावलं."

"माझी मुलगी घरी आहे!" मोजणीदार म्हणाले. आता तेही चिडले होते. "आम्ही काल पाहिली तिला. बोललो तिच्याशी."

बाईने समाधानाने मान डोलावली. "मग घरी कुणी कमी आहे का?"

मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"नाही," ते म्हणाले.

"घरातल्या कुणाची काही गैरसोय झाली आहे का?"

"नाही."

"मग आपली तक्रार नेमकी काय आहे?"

त्या बाईच्या चेहऱ्यावर तुच्छता असती, गुर्मी असती, तर मी तिला सोलून काढलं असतं. पण तिला खरोखरच कळत नव्हतं. एकाच्या जागी एक आहे, मग ही बाई का रडतेय, असा तिचा चेहरा.

तेवढ्यात एक माणूस पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन आला आणि त्याने खांद्याने ते दार ढकललं. स्प्रिंग चिरकली. मी बाकावरून उठले होते, म्हणून मला आतलं दिसलं. भिंतीला लावलेलं लांबच लांब टेबल. भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं, सगळी पाठमोरी. एक म्हातारे गृहस्थ, एक जाडजूड बाई, शाळकरी वाटावा असा कुणीतरी. कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं, पण सगळ्यांचे जबडे हलत होते. आणि कडेला एक पाठ, केस वर गोळा करून पेन्सिल खुपसलेली, मान खाली. उजव्या हाताचं बोट टेबलावर ठेका धरत होतं.

मी "टिटवे!" म्हणून हाक मारली. बोट थांबलं. मान वळेपर्यंत दार मिटलं.

मी धावले. दाराला बाहेरून मूठच नव्हती, आणि ढकलूनही ते हललं नाही. मी तळहातांनी ते बडवलं, मग मला दोघा-तिघांनी धरून बाकावर आणलं, अगदी हळुवार, दुखू नये अशा बेताने.

"काय पाहिलंस तू?" मोजणीदार विचारत होते. ते त्या वेळी बाईकडे तोंड करून उभे होते.

मी सांगितलं.

"अगं, बसली असेल एखादी मुलगी. पाठमोऱ्या मुली सगळ्या सारख्याच दिसतात," ते म्हणाले. पण माझ्या डोळ्यांना त्यांनी डोळा दिला नाही.

६

शेवटी असं ठरलं की त्यांनी घरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मी राहायचं.

"तूही चल," ते म्हणत होते. "यंत्र बरोबर घेऊ."

मी ते विचारलं होतं. करड्या कोटवाली म्हणाली होती, "यंत्र खुशाल न्या. आवाज मात्र इथेच ऐकू येईल." मग मी कशी जाणार?

विमानतळाजवळ एका विधवा बाईच्या घरात मला माडीवरची खोली मिळाली. रोज सकाळी आवरायचं, यंत्र चार्ज करायचं, विमानतळावर जाऊन त्या दारासमोर बसायचं. टिटवी अधूनमधून बोलायची. कधी नुसती रस्त्यांची नावं, ओळीने, कुठल्या कुठल्या देशांतली. कधी "आई, आहेस का?" मी तोंड यंत्राजवळ नेऊन "आहे" म्हणायची. त्याला ऐकायची सोय नाही हे मला ठाऊक होतं. तरी म्हणायची. एकदा ती 'प'ला फारच अडकली, तेव्हा मी बाकावर बोटाने ठेका धरला आणि विमानतळावरची माणसं माझ्याकडे बघू लागली. बघोत. कुणाच्या बापाचं काय जातं?

मी ज्याला त्याला सांगत होते. पोलिसांना सांगितलं, आपल्या वकिलातीतल्या माणसाला सांगितलं. त्याने घरी फोन लावला, टिटवीशी बोलला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. त्या पाहण्याची चीड मला अजून येते. जगात कुणाचंही मूल हरवलं तर लोक धावून येतात. माझं हरवलं, तर मला सांगतात की ते घरी बसलंय, मजेत आहे, उलट आता जास्त चांगलं बोलतं.

मोजणीदारांचा पहिला फोन आला तेव्हा ते जरा जपून बोलत होते. "आहे बाई इथेच. जेवते, झोपते, कामावर जाते. मी लक्ष ठेवून आहे." पुढच्या फोनला म्हणाले, "माझी गुडघेदुखी काढली तिने चोळून चोळून." मग हळूहळू ते 'लक्ष ठेवून आहे' म्हणायचे थांबले. त्यांच्या आवाजातली गाठ सुटत गेली. तेही मला ऐकू येत होतं. कुणी माझ्या माणसाला माझ्यापासून उसवत होतं, आणि मी परक्या देशात बाकावर बसून त्याचा आवाज ऐकत होते.

७

मग एके दिवशी त्यांचा फोन आला, मागे घोषणा चाललेल्या.

"मी येतोय तुला घ्यायला," ते म्हणाले. "विमानात बसतोय आता. पोरगी सोडायला आलीये. आणि ऐक, तिने काय युक्ती केली माहितीये? माझ्यासाठी नवीन जीपीएस घेतला. आणि त्यात आवाज कुणाचा भरलाय, सांग."

मी फोन कानावर घट्ट दाबला.

"तुझा!" ते म्हणाले. "तुझ्या जुन्या वर्गांच्या टेपा होत्या ना माळ्यावर, त्यातून तिने एकेक शब्द वेचला. म्हणाली, बाबा, आईशिवाय तुम्हाला रस्ता सापडणार आहे का? इतका हुबेहूब, की मला रडू आलं गं."

"टाकून द्या ते!" मी किंचाळले. "तिथेच, कचऱ्यात टाका! बरोबर आणू नका, मोजणीदार! ऐकताय का?"

"नीट ऐकू येत नाहीये. भेटलो की बोलू," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

विमान दुपारी येणार होतं. तोवर मी करड्या कोटवालीला गाठलं. मला वाटलं, त्यांचाच नियम त्यांच्या गळ्यात घालावा. "एक माणूस येतोय. त्याच्या यंत्रात माझा आवाज आहे. पण आवाजाची मालक मी, आणि मी इथे हजर आहे. तेव्हा तपासणीचा प्रश्नच येत नाही. बरोबर?"

तिने विचार केला. खरंच केला. "आपण हजर आहात," ती म्हणाली, "पण त्यांच्यासोबत नाही. तरी बरं झालं. बोलावण्यात फार वेळ जातो."

मी उतारूंच्या दालनाच्या काचेपाशी उभी राहिले. मोजणीदार आले. हडकले होते, पण खुश. नवा शर्ट होता अंगात. मला पाहून त्यांनी हात हलवला आणि मी काच बडवू लागले. "नको, नको," म्हणून दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं मी आनंदाने हलवतेय. त्यांनी बॅगेतून यंत्र काढलं, माझ्याकडे बोट केलं, मग यंत्राकडे. तुझा आवाज! तुझा! काचेपलीकडून त्यांचे ओठ मला नीट वाचता येत होते.

करड्या कोटवालीने दोन्ही हातांनी ते यंत्र घेतलं आणि मान लववली.

ते काचेपलीकडच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने त्यांना यंत्र परत मिळालं. ते उठले, बॅग उचलायला वाकले, तेव्हा पलीकडून एक बाई आली आणि तिने बॅगेचा दुसरा बंद धरला. मला तिची पाठच दिसली. पांढरे केस मानेवर सैल बांधलेले. डाव्या पायावर जास्त भार टाकून चालणं. मोजणीदारांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि इतके दिवस त्यांच्या पाठीत असलेला ताण एकदम गेला. ती काहीतरी म्हणाली. ते मान मागे टाकून हसले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पाहायचं कारण काय होतं? दोघं बाहेरच्या उन्हात गेली.

मी काच बडवायची थांबले. घसा बसला होता. माझ्या कोपराला कुणाचा तरी हात लागला, हळुवार, नम्र.

"चलावं आता," करड्या कोटवाली म्हणाली.

दार उघडं होतं. स्प्रिंग ताणून धरलेली, म्हणून ती चिरकत नव्हती. आत गुंईऽ आवाज चालू होता. टेबलाच्या कडेच्या खुर्चीशेजारी एक नवी खुर्ची मांडलेली होती.

"हात लावायचं काम नाही," मी तिला म्हणाले. "माझे पाय आहेत मला."

आणि तिच्या पुढे होऊन मी आत गेले, त्या नव्या खुर्चीपाशी थांबले.

"सरक जरा, टिटवे," मी म्हणाले.